पहेलां दोरी बताव

व्हिडिओ मी काढला होता.
हे आधी सांगून टाकतो,
कारण दांडिया बाजारात आता कुणी विचारत नाही
काढला कुणी म्हणून.

उत्तरायणाचा आदला दिवस.
फणसेबाई मांजावाल्याच्या खोक्यापाशी,
डाव्या हातात त्याचीच फिरकी, डोक्याच्या वर धरलेली,
अंबाडा सुटलेला,
आणि ओरडतायत,
"पहेलां दोरी बताव! पहेलां दोरी बताव!"
(रागावल्या की बाई गुजरातीत शिरत.
हिशेब आणि देव तेवढे मराठीत.)

अकरा सेकंद.
त्याच्या आधीचं फोनमध्ये नाही.
आधी तांबटांचा केयूर सायकलवरून येताना
नायलॉनच्या मांज्यात अडकला होता,
गळ्याला सात टाके,
आणि ज्या पदरानं जखम दाबून बाईंनी त्याला रिक्षात घातलं
तो पदर अजून खांद्यावर होता, ओला.
फोनमध्ये तो
साडीच्या लाल काठासारखा दिसतो.

मी पाठवला चौघांना फक्त. मावसभावांना.
आणि गंमत म्हणून नव्हे, खरंच,
कौतुकानं. बघा, आमच्या गल्लीतली बाई.
ते कौतुक वाटेत कुठे गळून पडलं
देव जाणे.

होळीपर्यंत बाईंचा स्टिकर झाला होता.
कुणी म्हणे लग्न ठरलंय. पहेलां दोरी बताव.
कुणी म्हणे पैसे उद्या नक्की देतो. पहेलां दोरी बताव.
माझ्याच लेकीनं पुण्याहून,
मी विचारलं, जेवलीस का,
तर फिरकी उगारलेल्या फणसेबाई.

नवरात्रात कुणीतरी तो आवाज ढोलात घातला
आणि मैदानभर टाळ्या
नेमक्या "बताव"वर पडू लागल्या.
मीही एक फेरा घेतला.
पाय ऐकत नाहीत हो.

कुणी वाईट बोललं नाही.
सगळ्यांना बाई आवडल्याच.
तेच तर.

दिवाळीनंतर त्यांचं विजेचं बिल चौपट आलं.
रांगेत मी त्यांच्या मागे तिसरा.
बाईंनी आवाज चढवला,
कारकुनानं वर पाहिलं, ओळखलं,
आणि चारी टेबलांना हाक मारली.
"बेन, एक वार बोलो ने, पेलुं!"
कुणी हसलं, कुणी खुर्ची दिली, कुणी फोन वर धरला.
तोंडाशी आलेला शब्द बाईंनी
पोळणारा घास गिळावा तसा गिळला.
बिल भरलं.
चौपट.

गल्ली त्यांच्या रागावर चालायची
हे आम्हाला फार उशिरा कळलं.
रस्त्यात आडवी लावलेली गाडी, गटारात सारलेला कचरा,
कुत्र्याच्या पिल्लाला दगड मारणारी पोरं,
वरच्या गॅलरीतून एक हाक यायची
आणि आपोआप सरळ व्हायचं सगळं.
आता रात्री दोनला कुणाची तरी टाकी भरून वाहते,
कुणी उठत नाही,
आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या
पाण्याचा आवाज ऐकत
एकमेकांना बाईंचा स्टिकर पाठवतो.

या जानेवारीत खोका पुन्हा लागला.
तोच नायलॉन.
वर बाईंचंच चित्र, हातभर मोठं,
म्हणे गिऱ्हाईक थांबतं.
केयूर बंद गळ्याचा स्वेटर घालतो.
मी स्कूटरवर मफलरचे दोन वेढे घेतो.
बाई समोरच्या फुटपाथनं जातात.

परवा जिन्यात भेटल्या, हातात दुधाची पिशवी.
मी म्हणालो, बाई, तो व्हिडिओ,
म्हणाल्या, "माहितीये."
केव्हापासून, ते नाही बोलल्या.
मी वाट पाहत उभा राहिलो.
मान खाली घालून, शाळेतल्यासारखा,
आता ओरडतील, आता.
त्या वर गेल्या.
दार लागलं. कडी सरकली,
हळू,
घरात कुणी झोपलेलं असावं तशी.
एकट्याच राहतात त्या.